'मॅडम आला' म्हणणाऱ्या मुलांचं काय करू?

प्रश्न : मी मेळघाटात, धारणी तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, मूळची सांगलीकडची. पहिलीत सगळी कोरकू आदिवासी पोरं, घरी कोरकूच बोलणारी. मैदानात नुसता कल्ला आणि वर्गात आली की तोंडाला कुलूप, बोललीच तर 'मॅडम आला', 'आई गेला'. शेवटी वर्गात फक्त मराठी असा नियम केला, पालकांनाही सांगितलं घरी मराठीच बोला. तरी फरक नाही. काय चुकतंय?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, आधी तो नियम काढा, आणि पालकांना सांगितलेलंही मागे घ्या. आईबाप घरी मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला लागले की पोराला ना धड कोरकू मिळते ना मराठी.

आता 'मॅडम आला'. त्यात पोरांचा आळस नाहीये हो. कोरकू ही मराठीच्या नात्यातलीच नाही, ती मुंडा भाषाकुळातली, झारखंडकडच्या संथाली-मुंडारी भाषांची बहीण. तिच्या व्याकरणात पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतंच, सजीव की निर्जीव एवढंच बघतात, मग आला का आली हा प्रश्न त्या पोराच्या डोक्यात येणार कुठून? उलट दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे तिच्यात, जे संस्कृतात होतं आणि आपल्या मराठीत नाही. (आणि आपण तिला 'बोली' म्हणून मोकळे होतो!)

पाण्याला ही मुलं 'डा' म्हणतात. मग ड शिकवायला डमरू कशाला हवाय, कितीजणांनी बघितलाय तो? फळ्यावर पाण्याचा हंडा काढा, शेजारी 'डा' लिहा, अक्षर त्याच दिवशी बसेल. आठवड्यातून एकदा गावातल्या एखाद्या आजीला बोलवा, ती कोरकूत गोष्ट सांगेल, चौथीतला एखादा पोरगा तुम्हाला मराठीत सांगेल, मग त्यातली चार वाक्यं देवनागरीत फळ्यावर दोन्ही भाषांत लिहायची. उत्तरं कोरकूत आली तरी चालवून घ्या. मराठी सोडायची नाहीये, ती रोज अर्धा तास तोंडी, गाणी-खेळातून, आणि आला-आलीची दुरुस्ती सध्या राहू द्या, ऐकून ऐकून बसतं ते.

वरून कोणी विचारलंच तर शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९ दाखवा. शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतूनच शिकवावं असं त्यातच म्हटलंय.