कॉम्प्युटर विकून टाकू का? सिडकोतल्या एका घरातला अनुभव

"मॅडम, तो कॉम्प्युटर विकूनच टाकते आता." पोरं गेममधून उठत नाहीत म्हणून समुपदेशनाला माझ्याकडे येणाऱ्या नाशिकच्या आयांकडून हे वाक्य मी सारखं ऐकते, कधी कॉम्प्युटरच्या जागी मोबाईल असतो एवढाच काय तो फरक. म्हणून सिडकोतल्या एका मुलाबद्दल लिहितेय. त्याला ओम म्हणूया, नाव आणि ओळखीच्या गोष्टी बदलल्यात.

अकरावी सायन्स. वडील अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये, दहावीला चांगले मार्क पडले म्हणून त्यांनी हप्त्यावर कॉम्प्युटर घेऊन दिला. काही महिन्यांतच रात्री तीन-तीनपर्यंत गेम, कॉलेज रोडच्या क्लासला दांड्या, जेवणाचं ताट कीबोर्डशेजारी गार होतंय. एकदा मॅच चालू असताना आईने वायफाय बंद केलं तर पोराने हेडफोन भिंतीवर आपटला, आणि मग घाबरून सगळे माझ्याकडे आले.

आईचा पहिला प्रश्न, व्यसनच ना हे? तर जास्त खेळणं म्हणजे लगेच व्यसन नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे, ती यादी 2022 पासून लागू झाली. त्यात बघतात ते असं, की खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं, आणि हे साधारण 12 महिने. ओमचं बरंच जुळत होतं पण वर्ष झालेलं नव्हतं, त्यामुळे मी त्याच्यावर शिक्का मारला नाही.

त्याच्या एकट्याशीच बोलले. मोबाईल-अभ्यास काही काढलंच नाही, म्हटलं मला तुझा गेम समजावून सांग. अर्धा तास पोरगा थांबेना. पाच-पाच जणांच्या टीम, आधी 13 राऊंड जिंकायचे, एक मॅच अर्धा-पाऊण तास चालते आणि मधे पॉज नाही, उठून गेलं की पेनल्टी बसते आणि बाकीचे चौघं शिव्या घालतात. आणि आई म्हणते आत्ताच्या आत्ता जेवायला ये! मग हळूच म्हणाला, "टीममध्ये काय करायचं ते मी सांगतो मॅडम, तिथे माझं ऐकतात."

क्लासमध्ये फिजिक्स व्हेक्टरपासूनच सुटलेलं, एवढ्या पोरांत विचारायची लाज, शाळेतले मित्र वेगवेगळ्या कॉलेजला गेलेले. खरं दुखणं इथे होतं. वर गेमची रचनाच अशी की रँक घसरू नये म्हणून रोज यावं, बक्षीस कधी मिळेल ते कळत नाही म्हणून अजून एक मॅच, आणि या वयात मेंदूचा ब्रेक लावणारा भाग अजून तयार होत असतो, तो पंचविशीपर्यंत. अशा पोराला "तुला लाज नाही" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आम्ही सुरुवात झोपेपासून केली. कॉम्प्युटर बेडरूममधून हॉलमध्ये आणला. तासांऐवजी मॅच मोजायच्या, क्लासच्या दिवशी दोन, साडेदहाला बंद, आणि शेवटची मॅच सुरू करताना त्याने स्वतः सांगायचं. वायफाय कुणी मधेच बंद करायचं नाही हे आईकडून कबूल करून घेतलं. फिजिक्ससाठी घराजवळ छोटी ट्यूशन लावली. वडिलांना सांगितलं, सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन पांडवलेणी चढा, आणि तिथे मार्कांचा विषय काढू नका. हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

सुरुवातीचे दिवस वाईटच गेले. चिडचिड, नियम मोडणं, आई परत विकायच्या गोष्टी करायला लागली. पुढच्या युनिट टेस्टला मार्कही फारसे वाढले नाहीत. पण झोप सुधारली तसं घरातलं ओरडणं कमी झालं, क्लासला जायला लागला. गेम अजून खेळतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. मूल अंगावर धावून येत असेल, शाळा पूर्ण सुटली असेल, घरातले पैसे गेममध्ये जात असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, कारण मागे डिप्रेशन किंवा एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अति चंचलतेचा त्रास, असू शकतं. आणि जीव द्यायची भाषा करत असेल तर एक दिवसही थांबू नका, त्याला एकटं सोडू नका. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस हेल्पलाईन 14416, फोन फुकट लागतो, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.