सदतीस म्हटलं की तो ७३ लिहितो

"मॅडम, तीन टीचर बदलले. ह्याला गणित येणारच नाही का?" परळहून आलेल्या आईने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. पाचवीतला मुलगा शेजारी, नववीतली बहीण बाहेर बाकावर. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी येणारे सर दोघांना एकाच टेबलावर, एकाच तासात शिकवतात. फी जरा आवाक्यात बसते. त्यात आईने कुठेतरी डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित शिकण्यातलीच अक्षमता, हा शब्द वाचला आणि झोप उडाली.

मार्कलिस्ट मी बाजूला ठेवली. मला वह्या हव्या होत्या, शाळेची आणि ट्युशनचीही. शाळेच्या वहीत बेरीज-वजाबाकी ठीकठाक. ट्युशनच्या वहीत मात्र लाल शाईचा सडा. सरांनी तोंडी घातलेलं एक गणित होतं: सदतीस अधिक अठ्ठेचाळीस. ह्याने मांडलं ७३ + ८४ आणि उत्तर काढलं १५७. मांडलेल्या आकड्यांची बेरीज अगदी बिनचूक!

मी म्हटलं, "लिही, सदतीस." ७३. "थर्टी सेव्हन?" ३७. "एकोणसाठ?" थोडा विचार करून ६१. एक ऐकू आला, साठ ऐकू आले, झाले एकसष्ट. पोरगं चुकत होतं, पण तर्काला धरून.

आपण मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. बाहत्तरमधला दोन आधी कानावर पडतो. त्याच्या शाळेत सेव्हन्टी आधी येतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. हसणाऱ्यांत मीही होते. आज तितकं हसू येत नाही.

आईला सांगितलं, इंग्रजीतही आकडे उलटे पडत असते, सात आणि पाच मिळवायला अजून बोटं लागत असती, कुठली संख्या मोठी ते पटकन कळत नसतं आणि नीट शिकवूनही हे वर्षानुवर्षं तसंच राहिलं असतं, तर मी स्वतः तुम्हाला सायन हॉस्पिटलला तपासणीसाठी पाठवलं असतं. तसं निदान झालेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, त्यात लपवण्यासारखंही काही नाही. पण इथे मला त्यातलं काही दिसलं नाही.

मग बहिणीला आत बोलावलं. तिच्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. १२ − (३ − ५) दिलं, तिने ४ लिहिलं. कंसाबाहेरचा वजा आतल्या पाचाचं चिन्ह बदलतो, उत्तर १४ येतं, हे तिच्या हातात बसलेलंच नव्हतं. पुढच्या वर्षी दहावी, बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा. "सरांना विचारत का नाहीस?" तर म्हणाली, "ते ह्याचे पाढे घेत असतात."

सर बदलू नका, तास वेगळे करा, एवढंच मी सुचवलं. धाकट्याला अर्धा तास पुरे: आकडा मराठीत ऐकायचा, इंग्रजीत म्हणायचा, मग लिहायचा. थोरलीला आठवड्यातून दोन दिवस एकटीला, आणि तेव्हा धाकटा खाली खेळायला. आईचा चेहरा पडला. "सरांना कसं सांगू? वयाने मोठे आहेत. वर फी वाढवली तर?" शेवटी फोन मीच केला. सर मोकळेपणाने हसले. "अहो, मी अख्खा मराठी मीडियमचा. सदतीस म्हटलं की मला सदतीसच दिसतात!" फीबद्दल बोलणं झालं, थोडी वाढली.

महिन्याभराने सगळे आले. थोरलीची अजून दहातली तीन-चार चिन्हं चुकतात, पण आता ती सरांना अडवून विचारते. धाकट्याला आजीने सांगितलं होतं, एकोण म्हणजे एक उणा. त्याने एकोणसाठ, एकोणऐंशी, एकोणनव्वद धडाधड लिहून दाखवले. मग पेन्सिल थांबली.

"मग नाईन्टी नाईनला एकोणशंभर का नाही म्हणत?"

मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे.