दम दिला तर गप्प बसू नकोस

विरुद्ध पक्षकाराच्या भावाने फोनवर दम दिला आणि तू ते दोन दिवस पोटात ठेवलंस. पुन्हा असं करू नकोस, बाळा. त्याच संध्याकाळी सीनियर वकिलांना आणि बार असोसिएशनच्या, म्हणजे वकील संघटनेच्या, पदाधिकाऱ्यांना सांग.

तक्रारीत "धमकी दिली" एवढंच लिहू नकोस. तो जे बोलला ते शिवीसकट, जसंच्या तसं उतरव. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत, तर जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फरक त्या शब्दांतच पडतो. पोलिसांनी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून वाटेला लावलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली दंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेश माग. रेकॉर्डिंग मूळ फोनमधून पुसू नकोस, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र पुढे लागतंच.

घाबरट म्हणतील, ही भीती काढून टाक. आपल्या शेजारच्या कलबुर्गीत डिसेंबर २०२३ मध्ये एका वकिलाचा दिवसाढवळ्या खून झाला. कर्नाटकाने त्याच महिन्यात वकिलांवरील हिंसेविरुद्ध विधेयक मंजूर केलं. राजस्थानने त्याआधी मार्चमध्येच केलं होतं. वकिलाला त्याच्या पक्षकाराशी एकरूप धरू नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या तत्त्वांतही आहे, पण गावकीच्या वादात ते कोण ऐकतं?

म्हणून बार्शी-मोहोळच्या जमिनीच्या दाव्यात जागेची पाहणी असेल तेव्हा एकटी जाऊ नकोस. निघताना कारकुनाला गाव आणि गट नंबर सांगून ठेव.