वासाचे न्यूरॉन शिकायला घेतलेस? आधी एवढं पक्कं कर

बी.एस्सी.ला असतानाच हा विषय धरलास, फार बरं वाटलं. मात्र पहिल्याच आठवड्यात एन्हान्सरांच्या, म्हणजे जीन चालू करायला मदत करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांच्या, याद्या पाठ करत बसू नकोस. त्याला पुढे भरपूर वेळ आहे.

घरी उखळात शेंगाचटणी कुटतात ना, तेव्हा भाजलेले दाणे, लसूण, तिखट यांचे कितीतरी रेणू नाकात वर चढतात. तिथल्या वास टिपणाऱ्या प्रत्येक न्यूरॉनकडे (चेतापेशीकडे) वासाच्या रिसेप्टरांचे, म्हणजे वासाचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांचे, सगळे जीन असतात: माणसात कामाचे सुमारे ४००, उंदरात हजाराच्या वर. तरी पक्व न्यूरॉन त्यातला एकच वापरतो, तोही आईकडून किंवा वडिलांकडून आलेली एकच प्रत! मला याचं आजही नवल वाटतं.

बाकीचे जीन घट्ट गुंडाळलेल्या क्रोमॅटिनमध्ये (डीएनए आणि त्याला धरून ठेवणारी प्रथिनं) गप्प पडून असतात. एकाचं कुलूप उघडतं, त्याचं प्रथिन तयार होतं आणि तेच प्रथिन पेशीला निरोप देतं की आता दुसरं उघडू नको. हा उलटा निरोप नीट समजून घे, सगळी मेख तिथेच आहे.

नवखे चुकतात ते इथे:

- 'एक न्यूरॉन, एक वास' लिहितात. एक रिसेप्टर अनेक रेणू पकडतो आणि एक रेणू अनेक रिसेप्टरांना चेतवतो.
- वास आला म्हणून जीन निवडला गेला, असं समजतात. निवड आधीच झालेली असते, बरीचशी योगायोगाने.

वाचन लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांच्या १९९१ च्या शोधनिबंधापासून सुरू कर. दोघांना २००४ चं नोबेल मिळालं. आकृत्या हाताने काढ, अडलं की विचार.