एकाच खोडाला तांबडी आणि पोपटी पालवी

प्रश्न : ताई, २०२० च्या निसर्ग वादळात आमचं हापूसचं जुनं कलम कमरेएवढ्या उंचीवर मोडलं. खोड राखलं, त्याला भरपूर फुटवे आले. वरचे फुटवे तांबडे-जांभळे पालवतात, पण अगदी बुंध्याजवळचा एक मात्र दर वेळी फिकट पोपटी. शेजारी म्हणतात, तांबडं पान म्हणजे रोग, फवारणी करा. काय करू?
— एक बागायतदार, दिवेआगर

उत्तर : दादा, आधी फवारणीचा पंप खाली ठेवा. आंब्याची पालवी बहुधा तांबडीच फुटते. कोवळ्या पानात हरितद्रव्य नीट तयार झालेलं नसतं आणि आपल्याकडचं ऊन त्याला सोसत नाही. म्हणून झाड त्यात आधी अँथोसायनिन हे तांबडं-जांभळं रंगद्रव्य भरतं, उन्हाची छत्री म्हणून. सोलकढीला आमसुलामुळे जो रंग चढतो, तोही याच जातीच्या रंगद्रव्याचा. पालवी मलूल होऊन खाली लोंबते तीही ऊन चुकवायला. तीन-चार आठवड्यांत पान ताठ होतं, तांबूस, मग पोपटी, मग गर्द हिरवं. किडीही तांबड्या पानापासून लांब राहतात असं म्हणतात. मी त्यावर विसंबत नाही. तुडतुडे माझ्याकडे याच पालवीवर बसतात.

प्रत्येक झाडाचा रिवाज वेगळा. फाल्गुन-चैत्रात कुसुंब पेटल्यासारखा लाल होतो, फणस मात्र सरळ पोपटीच पालवतो.

आता तुमचा खालचा फुटवा. सावलीत रंग कमी चढतो, हे मी स्वतः पाहिलंय. २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आमच्या परड्यातल्या मोडक्या आंब्याच्या एका बाजूला मी नारळाचा झाप उभा केला होता. झापाआडची पालवी फिकी आली, उन्हाकडची जांभळट तांबडी. झाड एकच, आठवडाही एकच.

पण तुमच्याकडे दर वेळी तोच फुटवा, तोही बुंध्याजवळ. मला वाटतं तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर हापूसची काडी बांधली त्या रायवळचा (कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्याचा) आहे. पावसाळ्यात आम्ही कोय कलमं बांधतो, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रायवळ रोपावर हापूसची काडी बांधतो, तेव्हा रोपं जेमतेम पंधरा दिवसांची असतात. पानं तांबूस आहेत तोवरच बांधायचं, हिरवी झाली की उशीर झाला. त्या रायवळ रोपांच्या वाफ्यापाशी बसलं की कळतं : एक तांब्याच्या भांड्यासारखं, शेजारचं वांगी रंगाचं, तिसरं नुसतं पोपटी. कोय वेगळी, रंग वेगळा.

खोडाशी बसून माती बाजूला करा. कलमाचा जोड गाठीसारखा, किंवा सालीचा पोत बदललेला दिसेल. जुन्या झाडात तो मातीलगत असतो. फुटवा जोडाच्या वर असेल तर हापूसच आहे, सावलीने फिका झालाय, राहू द्या. जोडाच्या खालून असेल तर रायवळ. तो जोमाने वाढतो आणि वरच्या हापूसचं अन्नपाणी ओढतो. वरचे फुटवे सशक्त असतील तर तो मुळापासून काढा. ते मरतुकडे असतील तर मात्र तोडू नका, पावसाळ्यात त्याच फुटव्यावर हापूसची काडी बांधा. खालची मुळं जुनी आणि खोल गेलेली आहेत, ती वाया घालवू नका.

आणि पालवी पिवळट-पांढरी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता असू शकते. तेव्हा पानं घेऊन दापोलीच्या कृषी विद्यापीठात दाखवा.