'काम्पाकू'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: नवव्या शतकातला जपानी दरबारी सरदार फुजिवारा नो मोतोत्सुने (८३६–८९१) याचा उल्लेख कुणी 'राजप्रतिनिधी' असा करतं, कुणी 'पंतप्रधान' असा. त्याच्या 'काम्पाकू' या पदाला नेमका मराठी शब्द कोणता?

माझं मत स्पष्ट आहे. 'काम्पाकू' हाच शब्द ठेवावा, फक्त पहिल्या उल्लेखाला 'सज्ञान सम्राटाचा मुख्य कारभारी' असा खुलासा जोडावा. अंती दीर्घ ऊकार आपल्या शुद्धलेखनाच्या सवयीप्रमाणे.

घोळ होतो तो मोतोत्सुनेने एकामागून एक दोन निराळी कामं केल्यामुळे. ८७६ साली त्याचा भाचा योझेई गादीवर आला, तेव्हा पोर जेमतेम आठ-नऊ वर्षांचं. अज्ञान राजाच्या वतीने मामा कारभार पाहू लागला. या पदाचं नाव 'सेश्शो', आणि त्याला 'राजप्रतिनिधी' चपखल बसतं. पुढे राजवाड्यातच एकाचा खून झाला, संशय खुद्द सम्राटावर गेला आणि ८८४ मध्ये मामानेच भाच्याला पायउतार व्हायला लावून पन्नाशी उलटलेल्या कोकोला गादीवर बसवलं. आता राजा चांगला जाणता होता. त्याच्या जागी बसून राज्य करायला प्रतिनिधी कशाला हवा?

तरी सत्ता सुटली नाहीच. ८८७ मध्ये कोको वारला आणि त्याचा विशीतला मुलगा उदा सम्राट झाला. त्याने हुकूम काढला की सगळी कामं आधी मोतोत्सुनेच्या कानावर घालावीत, मग आपल्याला सांगावीत. 'काम्पाकू' हा शब्द उगवला तो इथे. 'कान' म्हणजे मार्फत जाणं, 'हाकू' म्हणजे निवेदन करणं. (जपानी 'कान' आणि आपला कान यांचं नातं लावू नका, निव्वळ योगायोग.) शब्दयोजनाही चिनी इतिहासातून उचललेली: इ.स.पूर्व पहिल्या शतकात हान दरबारातल्या हुओ ग्वांगबद्दल असंच लिहिलेलं आहे. थोडक्यात, काम्पाकू सम्राटाच्या आसनावर बसत नाही. तो त्या आसनाकडे जाणाऱ्या वाटेवर बसतो आणि त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. 'प्रतिनिधी'त हा अर्थ येत नाही.

पण मोतोत्सुनेची खरी गंमत पुढच्याच हुकमात आहे, आणि शब्दांचा कीस काढणाऱ्या आपल्यासारख्यांना ती आवडावी. रिवाजाप्रमाणे त्याने पद आधी नाकारलं. मग सम्राटाच्या वतीने तचिबाना नो हिरोमी या विद्वानाने दुसरा हुकूम लिहिला, आणि भाषा भारदस्त व्हावी म्हणून त्यात 'आको' हे प्राचीन चिनी पद घातलं. शांग काळातला थोर मंत्री यी यिन याचं हे पद, म्हणजे हेतू गौरवाचाच. तेवढ्यात फुजिवारा नो सुकेयो या दुसऱ्या पंडिताने काडी टाकली: आकोला मान आहे, काम नाही! आपल्याकडे 'बिनखात्याचा मंत्री' म्हणतात, तसं. झालं, मोतोत्सुने घरी बसला. कामकाज तुंबलं, पंडितांचे वाद झडले, महिने गेले. अखेर ८८८ मध्ये उदाला स्वतःचाच हुकूम मागे घ्यावा लागला. सम्राटाने हा सल आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवला आहे. हिरोमीच्या शिक्षेची भाषा सुरू झाली, तेव्हा सानुकी प्रांताचा सुभेदार असलेल्या सुगावारा नो मिचिझानेने मोतोत्सुनेला पत्र लिहून आवरतं घ्यायला सांगितलं.

हा निव्वळ शब्दच्छल होता का? मला नाही वाटत. उदाची आई मोतोत्सुनेच्या फुजिवारा घराण्यातली नव्हती आणि हिरोमीची मुलगी उदाच्या राणीवशात होती. दरबारात चालतं कुणाचं, हे दाखवायला एक शब्द पुरला. त्याच वर्षी मोतोत्सुनेचीही मुलगी उदाच्या अंतःपुरात गेली. ८९१ मध्ये तो वारल्यावर मात्र उदाने दुसरा काम्पाकू नेमलाच नाही.

'पेशवा' का नको, असंही कुणी विचारेल. मोह होतो खरा: नामधारी गादी आणि वंशपरंपरेने चालणारा कारभार. पण पेशवा म्हटलं की मराठी वाचकाला घोडदळ आणि स्वाऱ्या दिसतात. फुजिवारांचं बळ सोयरिकीत होतं: मुलगी सम्राटाला द्यायची आणि नातू गादीवर आणायचा. 'पंतप्रधान' तर आज मंत्रिमंडळ आणि निवडणुकाच डोळ्यांपुढे आणतो. त्यातल्या त्यात जवळचा 'कारभारी', सवाई माधवरावांच्या काळात नाना फडणीस होते तसा. मात्र तिथे धनी लहान होता, म्हणजे नाना सेश्शोच्याच जास्त जवळ जातात.

खुद्द जपानीतही हा शब्द सैल वापरला गेला आहे. फुजिवारा नो मिचिनागाच्या (९६६–१०२८) रोजनिशीचं रूढ नाव 'मिदो काम्पाकू की', पण हा गृहस्थ काम्पाकू कधीच झाला नाही. सेश्शो झाला, तोही १०१६-१७ मध्ये थोडा काळ. उलट शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला तोयोतोमी हिदेयोशी १५८५ मध्ये काम्पाकू झाला, पण त्यासाठी त्याला आधी कोनोए या फुजिवारा शाखेत दत्तक जावं लागलं.

काम्पाकू हे पद १८६८ मध्ये बंद झालं. सेश्शोची तरतूद राहिली: आजारी वडिलांच्या वतीने युवराज हिरोहितो १९२१ ते १९२६ सेश्शो होते. तिथे 'राजप्रतिनिधी' बेलाशक लिहा.