लहान इंटरनेट सेवेसाठी डायल-अप: सुटे मोडेम घ्यावेत की ॲक्सेस सर्व्हर?

सुमारे अडीचशे डायल-अप ग्राहकांसाठी सोळा साध्या टेलिफोन लाइन, सोळा सुटे मोडेम आणि लिनक्सच्या संगणकात ते मोडेम जोडण्यासाठी अनेक पोर्टांचे सीरियल कार्ड अशी मांडणी करावी, की एक पीआरआय लाइन (एकाच जोडणीतून अनेक कॉल वाहणारी डिजिटल टेलिफोन लाइन) घेऊन तिच्यावर वापरलेला ॲक्सेस सर्व्हर (आतच अनेक मोडेम असलेले, कॉल स्वीकारणारे यंत्र) बसवावा, असे आपण विचारले आहे. माझे मत निःसंशय दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. त्याचे मुख्य कारण मात्र यंत्रात नसून लाइनमध्ये आहे, म्हणून आधी लाइनबद्दल लिहितो.

ग्राहकाच्या मोडेमवर ‘५६ के’ असे छापलेले असले, तरी दोन्ही टोकांना साध्या लाइन असतील तर तो वेग कधीच मिळत नाही. ५६ के मोडेमसाठीच्या १९९८ सालच्या व्ही.९० मानकात सेवा देणाऱ्याचे टोक एक्सचेंजला थेट डिजिटल पद्धतीने जोडलेले आहे असे गृहीत धरले आहे. त्यामुळे आपल्याकडून निघालेली माहिती ग्राहकाच्या एक्सचेंजपर्यंत अंकरूपातच पोहोचते आणि तिचे ॲनालॉग रूपांतर फक्त शेवटच्या तांब्याच्या तारेसाठी होते. आपल्या बाजूलाही साधी लाइन असेल, तर एक्सचेंजमध्ये शिरताना संकेताचे पुन्हा डिजिटल रूपांतर करावे लागते, त्यात मिसळलेला सूक्ष्म गोंगाट नंतर वेगळा काढता येत नाही, आणि वेग व्ही.३४ या आधीच्या मानकाच्या सेकंदाला ३३.६ किलोबिटवर अडतो. मोडेम कितीही भारी घेतला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. आपल्या भागात टी१ (अमेरिकी पद्धतीची डिजिटल लाइन) मिळत असेल, तर तेही पीआरआयच्या स्वरूपातच मागावे, कारण जुन्या पद्धतीच्या टी१ मध्ये संकेतनासाठी आवाजाच्या वाहिन्यांमधलेच काही बिट वापरले जातात आणि त्याचा फटका ५६ के च्या वेगाला बसतो.

दुसरा मुद्दा गर्दीचा. रात्रीच्या भरात सरासरी वीस ग्राहक एकाच वेळी जोडलेले राहू पाहतात असे धरले, तर लाइन भरलेल्या मिळण्याची शक्यता काढणाऱ्या अर्लांगच्या सूत्राप्रमाणे सोळा लाइनवर शंभरातल्या सुमारे एकोणतीस कॉलना एंगेज लागेल, आणि तेच ग्राहक पुन्हा पुन्हा डायल करू लागले की प्रत्यक्ष स्थिती आणखी बिघडेल. तेवढीच मागणी ई१ (युरोपीय पद्धतीची डिजिटल लाइन) पीआरआयच्या तीस वाहिन्यांवर आली, तर शंभरातल्या एकालाही जेमतेम एंगेज लागतो. टी१ पीआरआयमध्ये वाहिन्या तेवीसच असतात, हे हिशेबात धरावे.

सुट्या मोडेमचा मला सर्वांत जास्त खटकणारा दोष वेगळाच आहे. सोळा लाइन एका क्रमांकाखाली हंट ग्रुपमध्ये (एक्सचेंज क्रमाने पहिली मोकळी लाइन शोधून कॉल देते असा गट) बांधलेल्या असतात. त्यातला चौथा मोडेम अडकला आणि उत्तरच देईनासा झाला, तर एक्सचेंजच्या दृष्टीने ती लाइन मोकळीच असते. पहिल्या तीन लाइन भरल्या की पुढचा प्रत्येक कॉल तिथेच जातो, रिंग वाजत राहते आणि मागच्या बारा लाइन रिकाम्या पडून राहतात. संगणकावर कोणतीही त्रुटी दिसत नाही. ॲक्सेस सर्व्हरमध्ये मोडेम एकत्रित साठ्यात असतात, आलेल्या कॉलला त्यातला मोकळा मोडेम दिला जातो आणि बिघडलेला मोडेम बाजूला काढता येतो. सुट्या मोडेमवाचून गत्यंतरच नसेल, तर निदान रोज पहाटे प्रत्येक लाइनवर स्वतंत्र चाचणी कॉल लावण्याची व्यवस्था करावी आणि डीटीआर (संगणक तयार असल्याचे मोडेमला सांगणारा) संकेत बंद झाल्यावर मोडेम फोन ठेवतो आहे याची खात्री करून घ्यावी.

यंत्रांपैकी लिव्हिंग्स्टनचा पोर्टमास्टर ३ दोन पीआरआय घेतो आणि आपल्या आकाराला पुरेसा आहे. सिस्कोचा एएस५३०० चार लाइन घेतो, म्हणजे ई१ वर १२० कॉलपर्यंत जातो. दोन्हींचे उत्पादन कधीच थांबले आहे, त्यामुळे पेटी घेण्यापूर्वी आत मोडेम कार्डे किती आहेत ते विचारावे. लाइनचे पोर्ट असले म्हणजे तेवढे मोडेम असतातच असे नाही. मोडेमचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) मुख्य सॉफ्टवेअरपासून वेगळे असू शकते आणि कॉल मध्येच तुटण्याच्या कितीतरी तक्रारी केवळ ते जुने राहिल्यामुळे येतात. सुटे पॉवर सप्लाय आणि एक जादा मोडेम कार्ड त्याच सौद्यात घ्यावे. खाते तपासणी आणि वेळेची नोंद रेडियसवर (याच कामाची ठरीव पद्धत आणि तिचा वेगळा सर्व्हर) ठेवावी. जुनी यंत्रे त्यासाठी १६४५ आणि १६४६ हे पोर्ट वापरतात, नवे सर्व्हर १८१२ आणि १८१३ वर ऐकतात; जोडणी होऊनही पासवर्ड स्वीकारला जात नसेल, तर प्रथम हेच तपासावे.

पैसे देण्यापूर्वी टेलिफोन कंपनीकडून एक गोष्ट लेखी घ्यावी: ही पीआरआय शेवटपर्यंत पारंपरिक डिजिटल जाळ्यावरून जाते, की मध्ये कुठे व्हॉइस ओव्हर आयपीत (इंटरनेटच्या पद्धतीने पाकिटांतून आवाज पाठवणे) बदलते. आवाजाची माहिती दाबून लहान करणारे कोडेक (रूपांतर करणारी पद्धत) मध्ये आले तर मोडेमचा कॉल टिकत नाही. दाबणी नसली तरी पाकिटे थोडी साठवून ठेवणाऱ्या बफरच्या चढउताराने जोडणी मध्येच तुटू शकते. लाइन हाती आल्यावर एकाच वेळी सर्व वाहिन्या भरून पाहाव्यात आणि निदान तासभर कॉल टिकवून, प्रत्येक कॉल किती वेगाने जोडला गेला आणि कोणत्या कारणाने तुटला, ते सर्व्हरच्या नोंदीतून उतरवून घ्यावे.